सस्क्वेहानातला स्मॉलमाउथ: आधी पाणी वाचा, मग गळ टाका

(दृश्य: हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाची नदी. पाण्याबाहेर आलेले कातळाचे आडवे पट्टे.)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग. इथे सस्क्वेहाना नदीचं पात्र जवळजवळ मैलभर रुंद आहे, पण उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी पाणी कंबरेच्याही खाली असतं. तळ कातळाचा. नदीला आडवे गेलेले खडकांचे पट्टे, त्यांना इथे लेज म्हणतात, आणि प्रत्येक पट्ट्याखाली धारेनं कोरलेली घळ. स्मॉलमाउथ बास या माशाला यापेक्षा सोयीची जागा मिळणं कठीण.

तरीही हा मासा इथला मूळचा नाही. त्याचं मूळ ग्रेट लेक्स, ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात. अ‍ॅपलाशियन डोंगर ओलांडून पूर्वेला त्याला आणलं माणसानं, तेही रेल्वेनं. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून थोडे मासे मेरिलँडमधल्या कंबरलँडला, पोटोमॅकच्या काठी आणले गेले. पुढच्या काही दशकांत तो सस्क्वेहानातही रुळला.

(दृश्य: हातातला मासा, डोक्याकडून.)

ओळखायला जबडा बघा. स्मॉलमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जात नाही, त्याच्या भाऊबंद लार्जमाउथ बासचा जातो. अंग तपकिरी, पितळेच्या रंगाचं, त्यावर उभे पट्टे. डोळा बहुधा लालसर. वाढ मात्र सावकाश: नदीत फूटभर व्हायला त्याला साधारण चार-पाच वर्षं लागतात.

आता पाणी. सह्याद्रीच्या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांना डोहाच्या तोंडाशी मासा का थांबतो ते सांगायला नको. इथेही तेच गणित. जोरात वाहणाऱ्या धारेत उभं राहायला ताकद लागते, संथ पाण्यात खाणं येत नाही. म्हणून मासा दोन्हींच्या शिवेवर थांबतो. तोंड धारेकडे, अंग संथ पाण्यात. ही शीव डोळ्यांना दिसते: एका बाजूला पाणी सुरकुतलेलं, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, आणि मधल्या रेघेवर फेसाचे बुडबुडे ओळीनं चाललेले. मोठ्या दगडाच्या मागे अशा दोन रेघा मिळतात. दगडाच्या पुढेही, जिथे पाणी आदळून दबतं, तिथे थोडी शांत जागा असते. नवखे ती हमखास सोडतात आणि बऱ्याचदा मोठा मासा तिथेच असतो.

भर उन्हाळ्यात, पाणी २५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की खळाळाखालचं पाणी आधी बघा. तिथे प्राणवायू जास्त मिळतो. हिवाळ्यात उलट: पाणी १० अंशांखाली उतरलं की मासे खोल, संथ डोहांत गोळा होतात. मग खळाळावर गळ टाकणं म्हणजे वेळ घालवणं.

(दृश्य: टेबलावर रॉड, रीळ आणि ट्यूब. ट्यूबमध्ये जिग बसवणारे हात, अगदी जवळून.)

साहित्य फार लागत नाही. साडेसहा ते सात फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचं रीळ, १० पाउंड ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी आणि पुढे सहा-आठ फूट ८ पाउंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाकडचा पारदर्शक दोरीचा तुकडा. जोड डबल युनी गाठीनं. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणानं फ्लुरोकार्बन तापतं आणि मासा लागल्यावर नेमकं तिथेच तुटतं.

आमिषं ढीगभर आहेत, पण एकच घ्यायचं झालं तर साडेतीन इंचांची ट्यूब, म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, हिरवट-तपकिरी. तळाशी सरकणाऱ्या क्रेफिशसारखी (गोड्या पाण्यातला, नांग्यांचा, कोळंबीसारखा जीव) दिसते, आणि क्रेफिश हे स्मॉलमाउथचं आवडतं खाणं. जिग म्हणजे डोक्याशी शिसं असलेला गळ. त्याचं शिसं ट्यूबच्या शेपटाकडून आत सरकवायचं, नाकापर्यंत न्यायचं आणि दोरी बांधायचं भोक तेवढं प्लास्टिकमधून बाहेर काढायचं. ट्यूबला चुणी पडली तर काढून पुन्हा बसवा. वाकडी बसलेली ट्यूब धारेत गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो.

वजन पाण्याप्रमाणे. आठवा हिस्सा औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम, इथून सुरुवात करा. धार जोराची असेल तर पाव औंस, सात ग्रॅम. फेक धारेच्या वरच्या बाजूला, तिरकी. मग रॉडचं टोक वर धरून आमिष धारेबरोबर येऊ द्यायचं आणि फक्त सैल झालेली दोरी गुंडाळायची. तळाचे दगड हाताला अधूनमधून टक टक लागले पाहिजेत. काहीच लागत नसेल तर वजन कमी आहे, दर फेकीला अडकत असेल तर जास्त.

सगळ्यात जास्त मासे इथेच हुकतात: मधली वेगवान धार दोरीला पोटासारखा फुगवटा आणते आणि तो फुगवटा आमिष तळावरून ओढत नेतो. क्रेफिश असा कधी पळत नाही. उपाय साधा, दोरी जितकी जमेल तितकी पाण्याच्या वर धरा, किंवा दोन पावलं पुढे जाऊन जवळून फेका.

झटका बसेलच असं नाही. कधी दोरी नुसती बाजूला सरकते, कधी टक टक थांबते. आधी सैल दोरी गुंडाळा, मग रॉड आडवा ओढा. मासा उडी मारू लागला की रॉडचं टोक खाली न्या. वर धरलात तर हवेत डोकं झटकून तो गळ भिरकावतो, आणि हे त्याला फार चांगलं जमतं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सोडायला लागणारा ताण, एक किलोच्या आसपास ठेवा.

आमिष दगडात अडकलं तर जिवाच्या करारावर ओढू नका. वरच्या बाजूला चालत जाऊन उलट दिशेनं ओढा, बहुतेकदा सुटतं.

फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली बनावट माशी, वापरणाऱ्यांसाठी या नदीचं स्वतःचं देणं आहे. क्लाउझर मिनो ही माशी बॉब क्लाउझर यांनी याच सस्क्वेहानातल्या स्मॉलमाउथसाठी घडवली. डंबेलसारखे जड डोळे असल्यामुळे ती डोकं खाली घालून बुडते आणि गळ वरच्या बाजूला राहतो, म्हणून दगडात कमी अडकते.

(दृश्य: डॉक स्ट्रीट धरण. काठावरून, मग पुलावरून.)

पाण्यात उतरण्याआधी नदीची पातळी सरकारी गेजवर, म्हणजे पातळी मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदीत, बघा. आज कालपेक्षा पाणी चढतं असेल आणि गढूळ असेल तर चालत आत शिरू नका. होडी असेल तर हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट धरणापासून लांबच राहा. वरून येताना ते पाण्यावरची एक साधी रेघ दिसतं. खाली मात्र पाणी उलटं फिरतं, होडी आणि माणूस दोन्ही पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचले जातात. तिथे अनेकांचा जीव गेला आहे.

१६ वर्षं आणि त्यावरच्यांना परवाना लागतो. बास ठेवायचा की सोडायचा, कोणत्या महिन्यांत धरायचाच नाही, हे नदीच्या पट्ट्यानुसार बदलतं, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका बघा. नियम कडक होण्यामागे कारण आहे: २००५ पासून या नदीत स्मॉलमाउथची पिल्लं रोगानं मरताना आढळू लागली. वसंतात पाणी १५ अंशांच्या आसपास गेलं की नर खडीत घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखतो. तो उचलला की मिनिटांत दुसरे मासे घरट्यावर तुटून पडतात.

सोडताना हात ओले करा. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवला असेल तर गळ सहज निघतो. मोठा मासा नुसत्या जबड्यावर लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. आणि पाणी २७ अंशांच्या वर असेल तर पहाटे दोन-तीन तास मासे धरा आणि आवरा. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा तुमच्या हातून निघून जातो खरा, पण नंतर जगतोच असं नाही.