आधी ऊब, मग दूध

नमस्कार मंडळी. संध्याकाळच्या वेळी भिंतीच्या कडेला काहीतरी काळपट पडलेलं दिसतं, वाळकं पान असेल म्हणून तुम्ही पुढे निघता आणि तेवढ्यात ते पान हलतं. वाकून बघता तर वटवाघळाचं पिल्लू. माझ्याकडे येणारे बरेचसे फोन इथूनच सुरू होतात, आणि त्यानंतरच्या पंधरावीस मिनिटांत जे काही होतं त्यावर त्या जिवाचं जगणं-मरणं ठरतं, म्हणून आज त्या मिनिटांबद्दल जरा सविस्तर बोलते.

उघड्या हाताने उचलू नका. कितीही एवढंसं असलं, कितीही दया आली तरी नाही. रेबीज फार थोड्या वटवाघळांना असतो पण कुणाला आहे ते बघून कळत नाही, आणि लहान वटवाघळाचे दात इतके बारीक की चावल्याची खूणसुद्धा दिसेल असं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे, उद्या बघू वगैरे चालत नाही, कारण लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ वाचतच नाही आणि वेळेत लस घेतली तर हा आजार टळतो. वटवाघळं सांभाळायचं काम करणाऱ्या आम्ही लोकांनी आधीच लस घेतलेली असते, तरी ग्लोव्हज घालतो. अजून एक, जे लोकांना माहीतच नसतं. रेबीजची खात्रीची तपासणी मेंदूवर होते, म्हणजे ते पिल्लू तुम्हाला चावलं तर तपासणीसाठी त्याला मारायची वेळ येऊ शकते. ग्लोव्हज त्याच्यासाठी पण आहेत.

तर जाड ग्लोव्हज किंवा घडी घातलेलं कापड घेऊन अलगद उचला आणि झाकणाच्या खोक्यात ठेवा. हवेला बारीक भोकं पाडा, आणि बारीक म्हणजे खरंच बारीक, ही मंडळी बोटभर फटीतून निसटतात. आत जुना मऊ टीशर्ट टाका, टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात आणि सुटायला धडपडताना पाय मोडतो.

आणि मग ऊब. दूध नाही, ऊब. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक पिल्लू आलं, गार पडलेलं, निपचित, आणि मला वाटलं बिचारं उपाशी आहे म्हणून मी घाईघाईने दूध पाजलं. पहाटे गेलं ते. अंग गार असताना पोट चालत नाही हो, दूध तसंच पडून राहतं नाहीतर श्वासात जातं. आजही कुणी फोनवर "काय पाजू?" विचारलं की मला ते पिल्लू आठवतं आणि मी आधी विचारते, हाताला गार लागतंय का? कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, एकाच बाजूला, म्हणजे फार गरम झालं तर त्याला सरकता येईल. ऊब आली की थेंब थेंब ओआरएस, कारण तहानेने अंग सुकलेलं असतं. दूध त्याच्याही नंतर.

पण दुधाच्या आधी एक प्रश्न राहतो, आई आहे का? लहान, किडे खाणाऱ्या वटवाघळांची पिल्लं कधीकधी वसाहतीतून नुसती खाली पडलेली असतात आणि आई त्यांना शोधत असते. पिल्लू धडधाकट असेल तर अंधार पडताना आम्ही एका बाटलीत कोमट पाणी भरतो, तिच्यावर मोजा चढवतो, ती वसाहतीच्या खाली उंचावर, मांजर पोचणार नाही अशी ठेवतो आणि पिल्लाला त्या मोज्यावर चिकटवून लांब उभं राहतो. पिल्लू हाक मारतं, आपल्याला ती ऐकू येईलच असं नाही. आई ती हाक ओळखते, वासावरून खात्री करते, पिल्लू पोटाशी धरते आणि उडून जाते. मी आजवर जे काही बघितलंय त्यात याच्याइतकं सुंदर काही नाही.

आई नाहीच आली तर मग आपण. गाईचं दूध नको, जुलाब होतात. शेळीचं दूध किंवा कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दूधपावडर, काय आणि किती ते वन्यप्राण्यांच्या व्हेटला विचारूनच. बारीक पिल्लाला सिरिंजने पाजायचं नाही, एक थेंब जास्त झाला की फुफ्फुसात. मेकअपच्या स्पंजचा टोकदार तुकडा कापून दुधात बुडवायचा आणि ओठाला लावायचा, ते स्वतःच चोखायला लागतं. शेंगदाण्याएवढं अंग, मिटलेले डोळे, आणि अंगठ्याच्या नखाने तो स्पंज घट्ट धरून ठेवलेला. पोटाची कातडी इतकी पातळ की आत साठलेलं दूध पांढरं दिसतं, पोट भरलं की नाही हे त्यावरूनच कळतं. मग ओल्या कापसाने खालून हलकेच पुसायचं, आई चाटते तसं, त्याशिवाय तान्ह्याला शी-शू होत नाही. दोनतीन तासांनी परत तेच, रात्रीसुद्धा.

मोठ्या फळखाऊ वटवाघळांचं वेगळं. ते पिल्लू कितीतरी आठवडे आईच्या अंगालाच असतं, म्हणून त्याला कापडात गुंडाळून ठेवतात आणि तोंडात चोखणी देतात, नाहीतर घाबरून ओरडत राहतं. ऑस्ट्रेलियात टोल्गा बॅट हॉस्पिटल आहे, तिथे गोचिडीच्या विषाने आया लुळ्या पडून झाडाखाली पडतात आणि दर सीझनला पोरक्या पिल्लांची रांग लागते.

मांजराच्या तोंडातून सुटलेलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी व्हेट, मांजराच्या लाळेतले जंतू आत पसरतात आणि अँटिबायोटिक लागतंच. पंखाच्या पडद्याला भोक बघून मात्र आशा सोडू नका, तो पडदा इतका छान भरून येतो की काही आठवड्यांनी जागा शोधावी लागते. हाड मोडलेलं असेल तर अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

लोक म्हणतात एवढ्याशा जिवासाठी एवढं जागरण कशाला. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, उंदरासारखी डझनभर नाही. आणि सात ग्रॅमच्या आसपास वजनाचं एक वटवाघूळ सायबेरियात 41 वर्षांनी परत सापडल्याची नोंद आहे. म्हणजे आपण वाचवतोय ते चार दिवसांचं आयुष्य नाहीये.

पंख फुटले की माझं काम उलटं होतं, लाड बंद, बोलणं बंद, त्याला त्याच्यासारख्यांत टाकायचं. मोठ्या जाळीत सलग काही मिनिटं न थकता उडता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, मगच खिडकी उघडायची. गेल्या खेपेला मी तेच केलं, आत वाटीत अळ्या ठेवल्या आणि खिडकी उघडीच ठेवली. पहिल्या रात्री ते गेलं आणि पहाटे परत आलं, वाटी रिकामी. दुसऱ्या रात्री अर्ध्या अळ्या उरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेले तर वाटी भरलेली होती, तशीच्या तशी.