पाणी दिलं, पण संडास?

मंडळी, दुरुस्तीला, रंगकामाला, साफसफाईला किंवा सामान पोचवायला घरी माणसं येतात. त्यांना पाणी विचारावं का, यावर फारसा वाद होत नाही. बहुतेक घरांत विचारतात. गाडी अडते ती संडासापाशी. तिथं घरमालक काही बोलत नाही, कामगारही बोलत नाही, आणि सगळा दिवस तसाच निघून जातो. माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. कुठला संडास वापरायचा हे ज्याला माहीत नाही, तो माणूस तुम्ही दिलेलं पाणी जपून पितो किंवा पीतच नाही. भरून ठेवलेला जग संध्याकाळी जसाच्या तसा दिसला, तर त्याला तहान नव्हती असं समजू नका.

शरीराचा हिशेब साधा आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते, आणि ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आसपास थांबणं कठीण होतं. पुरेसं पाणी पिणारा माणूस दिवसाला सहा ते आठ वेळा जातो. म्हणजे सकाळी ९ वाजता आलेला रंगारी संध्याकाळी ६ पर्यंत तुमच्याकडे असेल, तर त्याला दोन-तीनदा जावं लागणारच. तो गेला नाही, तर त्यानं पाणी तोडलं आहे किंवा लघवी धरून ठेवली आहे. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि मुतखड्याला वाट मिळते. लघवी धरून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे जंतुसंसर्ग त्यांना फार लवकर गाठतो.

आता चार-पाच घरची कामं करणाऱ्या बाईंचा विचार करा. प्रत्येक घरात त्या तास-दीड तास असतात. प्रत्येक घराला वाटतं, एवढ्या वेळाचं काय विचारायचं? पण त्या सगळ्या घरांचे तास मिळूनच त्यांचा पूर्ण दिवस होतो. पार्सल पोचवणाऱ्याचंही तसंच. तो तुमच्या दारात अर्धा मिनिट उभा असतो, पण दिवसभरातल्या शंभर दारांपैकी एकही त्याचं नसतं. म्हणून ‘थोड्याच वेळासाठी तर आलाय’ हे कारण मला पटत नाही.

पाण्याकडे वळू. काम सुरू होताना एक ग्लास दिला की झालं, अशी आपली समजूत असते. उन्हात किंवा तापलेल्या छताखाली अंगमेहनत करणाऱ्याला दर १५ ते २० मिनिटांनी साधारण २४० मिलिलिटर, म्हणजे एक ग्लास पाणी लागतं. तासाचं पाऊण ते एक लिटर झालं. चार माणसं सहा तास अशा कामावर असतील, तर १८ ते २४ लिटर. मदतीला म्हणून दिलेली एक लिटरची बाटली चौघांत पंधरा-वीस मिनिटांत संपते. सावलीत, पंख्याखाली बसून वायरिंग करणाऱ्याला एवढं लागत नाही, पण त्यालाही दिवसभर एका ग्लासावर ठेवून चालत नाही. दुसऱ्या टोकाची चूकही टाळा. तासाला १.४ लिटरपेक्षा जास्त पाणी ढोसलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते धोक्याचं ठरतं. थोडं थोडं आणि सतत, हेच बरोबर.

म्हणून दर वेळी आतून ग्लास भरून आणण्यापेक्षा झाकण आणि तोटी असलेलं भांडं भरून ठेवा, शेजारी माणशी एक ग्लास ठेवा, आणि ‘संपलं की हाक मारा’ असं सांगा. ‘पाणी हवंय का?’ या प्रश्नाला संकोची माणूस ‘नको’च म्हणतो. भांडं समोर असलं की त्याला काही बोलावंच लागत नाही. ज्या नळाचं पाणी तुम्ही स्वतः पिता, त्याच नळाचं पाणी त्यात भरा. बागेच्या पाइपमधलं पाणी पिण्यासाठी देऊ नका. उन्हात पडलेल्या पाइपमध्ये कोमट पाणी साचून राहतं, त्यात जंतू वाढतात, शिवाय ते प्लास्टिक पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं नसतं.

भांडं कुठं ठेवलंय, यालाही महत्त्व आहे. जिथं घासकाम, फोडकाम किंवा फवारणी चालू आहे त्या खोलीत पाणी, चहा, काहीही नको. जुन्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपरनं तो रंग घासला की उडालेली धूळ ग्लासाच्या काठावर आणि हातांवर बसते, आणि तिथून पोटात जाते. बाहेर किंवा शेजारच्या खोलीत जागा करा आणि आधी हात धुवायची सोय दाखवा. उघड्या स्विचबोर्डाजवळ ग्लास ठेवू नये, आणि शिडीवर चढलेल्या माणसाच्या हातात कधीही कप देऊ नये. त्याला खाली उतरू द्या, तेवढीच विश्रांती.

चहा-कॉफीमुळे शरीरातलं पाणी कमी होतं, ही भीती फाजील आहे. नेहमी पिणाऱ्याच्या बाबतीत चहाचं पाणीही अंगी लागतं. फक्त साखर घालण्याआधी विचारा, समोरच्याला मधुमेह असू शकतो. दोन वेळा नीट जेवणाऱ्याला साध्या पाण्यावर भागतं. तासन्‌तास घाम गाळणाऱ्यालाच क्षार द्यावे लागतात. क्षारसंजीवनीचं (ओआरएसचं) पाकीट वापरलंत, तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ते पूर्ण विरघळवा. अख्खं पाकीट एका ग्लासात ओतणं ही नेहमीची चूक आहे, त्यानं अपाय होतो. आणि उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तातडीनं रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आता संडास. सर्वांत मोठं काम एका वाक्याचं आहे, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत, सामान उतरवतानाच करायचं. ‘दादा, तो डावीकडचा संडास तुमच्यासाठी आहे, हात धुवायला साबण तिथंच आहे, लागेल तेव्हा जा, विचारू नका.’ शेवटचे दोन शब्द गाळू नका. विचारण्याचा भार कामगारावर टाकला, की तो गाडी काढून दोन किलोमीटरवर जातो, आडोसा शोधतो किंवा कळ सोसतो. गट असेल तर हे सगळ्यांसमोर सांगा. एकट्या मुकादमाला सांगितलेलं मदतनीस पोरापर्यंत आणि बाईंपर्यंत पोचतंच असं नाही.

घरात दोन संडास असतील तर कामाच्या जागेला जवळचा द्या. एकच असेल तर तोच, त्याला पर्याय नाही. आत जाऊन एकदा पाहून घ्या. कडी आतून लागते का? दिवा लागतो का? फ्लश चालतो का? पिशवी अडकवायला खुंटी, कागद, आणि झाकणाची कचरापेटी हवी. ती पेटी नसेल तर पाळी चालू असलेल्या बाईला पॅड गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घालून न्यावं लागतं. वडीऐवजी पंपाचा साबण बरा. हात पुसायला एकच ओला टॉवेल सर्वांना ठेवू नका, कागदी रुमाल किंवा घड्या घातलेले छोटे पंचे ठेवा. औषधं, दागिने, दाढीचं सामान सकाळीच काढून ठेवलं की तुमचंही लक्ष तिकडे लागत नाही.

बुटांवरून बरेच प्रसंग ओढवतात. घरात बूट काढायला लावणं सोपं वाटतं, पण सुरक्षेचे बूट कामाचा भाग असतात. वीजकाम किंवा फोडकाम चालू असताना अनवाणी फिरवू नये. बुटांवर घालायची प्लास्टिकची टोपणं ओल्या फरशीवर आणि जिन्यात घसरतात. त्यापेक्षा दारापासून संडासापर्यंत जुन्या जाड चादरीची किंवा पुठ्ठ्याची पट्टी अंथरा आणि कडा चिकटपट्टीनं दाबा.

नळकाम असेल तर मुख्य कॉक बंद करण्याआधी दोन-तीन बादल्या भरून घ्या. कॉक बंद झाल्यावर फ्लशच्या टाकीत जेमतेम एका फ्लशचं पाणी उरतं. नंतर बादलीनं टाकायचं ते पाच-सहा लिटर एकदम आणि जोरात. तांब्या-तांब्यानं टाकलं तर नुसती पातळी वाढते, घाण पुढे सरकत नाही. वीज बंद होणार असेल तर पंपही बंद आणि संडासात अंधार, म्हणून एक बॅटरी आत ठेवा. एकुलत्या एका संडासाचंच काम निघालं असेल, तर शेजाऱ्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. तुम्हालाही ते लागणारच आहे.

एक गोष्ट फार थोडी घरं सांगतात: काही कामांत हात संडासाला जाण्याआधी धुवायचे असतात. कीटकनाशक, इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ), लाकडाचं औषध, काचलोकर (काचेच्या बारीक तंतूंचा थर) असं काही हाताळलेले हात तसेच गेले, तर ते नाजूक जागेला लागतं. तिथली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटींनी औषध शोषते. ओल्या सिमेंटचं पाणीही तीव्र अल्कधर्मी असतं आणि कातडी भाजतं. म्हणून हात धुवायची जागा संडासाच्या दाराबाहेर, निदान वाटेवर असेल तर उत्तम.

‘संडास दिला आणि तुंबला’ ही तक्रार खरी आहे, पण तिचं मूळ बहुतेक वेळा थापी, ब्रश आणि बादल्या धुण्यात असतं. सिमेंट आणि लादीचं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा लेप, पाण्याखालीही घट्ट होतं, पीओपी तर अर्ध्या तासाच्या आत. कमोडच्या वळणात नेहमी पाणी असतं, जड कण तिथंच बसतात आणि सकाळपर्यंत दगड होतो. तो विरघळवता येत नाही, फोडावा किंवा बदलावा लागतो. उपाय असा: अवजारं धुवायला बाहेर दोन बादल्या द्या. पहिलीत खरवडून धुवायचं, दुसरीत खळबळायचं. गाळ रात्रभर बसू द्या, घट्ट झाला की राडारोड्यात टाका. ब्रश आणि रोलर आधी पुठ्ठ्यावर पुसले, की निम्मा रंग तिथंच जातो. संडासाची जागा दाखवताना अवजारं धुवायची जागाही दाखवली, तर ही भानगड सहसा होत नाही.

स्वच्छतेच्या भीतीबद्दल. कमोडच्या सीटवरून गुप्तरोग किंवा एचआयव्ही पसरत नाही. पोटाचे आजार पसरतात ते हातांवरून, म्हणजे कडी, नळ आणि फ्लशचं बटण यांवरून. काम संपल्यावर रोज हीच ठिकाणं साबणाच्या पाण्यानं पुसा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर नंतर ब्लीच वापरा: ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलिलिटर, पाणी घालून एक लिटर. हे द्रावण रोज ताजं करा, पुसल्यावर निदान एक मिनिट ओलं राहू द्या, खिडकी उघडी ठेवा. संडास साफ करायच्या आम्लात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. हीच सफाई पाहुणे येऊन गेल्यावरही करायची असते, कामगार आले म्हणून ती वेगळी होत नाही. त्यांच्यासाठी वेगळे ग्लास काढून ठेवण्यालाही आरोग्याचा काही आधार नाही. साबणानं घासून वाळवलेला ग्लास कुणीही वापरला तरी स्वच्छच असतो. वेगळा ग्लास ज्याला दिला जातो त्याला त्याचा अर्थ नीट कळतो, म्हणून मी तो देऊ नका असंच सांगेन.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मी घरी एकटी असते. अनोळखी माणसाला आत घ्यायचं का?’ आत घेण्याची सक्ती कुणावर नाही, आणि भीतीला हसण्यासारखं त्यात काही नाही. काम ठरवतानाच माणसाचं नाव आणि वेळ विचारून घ्या, शक्य तर घरी दुसरं कुणी असेल अशी वेळ घ्या, काम चालू असताना मुख्य दार उघडं ठेवा. तरीही मन घेत नसेल तर तसं सांगा, पण सोय शोधून सांगा: जवळचं सार्वजनिक शौचालय कुठं आहे, किती वाजेपर्यंत उघडं असतं, इमारतीच्या तळमजल्यावरच्या संडासाची किल्ली कुणाकडे असते. हे दुपारी नको, काम सुरू होण्याआधी सांगा. पार्सलवाल्याला दारातच बंद बाटली देता येते. तो घाईत असतो, त्यामुळे ग्लास परत द्यायला त्याला थांबावं लागू नये.

कायदेशीर बाजू थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०१० रोजी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बांधकामाबद्दलचा १९८८ चा करार, क्रमांक १६७, कामाच्या जागी पिण्याचं पाणी, संडास आणि धुण्याची सोय मागतो, पुरुष आणि स्त्रियांची वेगवेगळी. मोठ्या कामात ही जबाबदारी मुख्यतः कंत्राटदाराची असते. पण अर्ध्या दिवसाच्या नळदुरुस्तीला कुणी फिरता संडास घेऊन येत नाही. तिथं घरातला संडास हाच कामाच्या जागेचा संडास.

काम आठवड्यापेक्षा लांबणार असेल, माणसं पाच-सहा असतील, तर दरपत्रक घेतानाच हे लिहून घ्या: संडास कुठला, तो रोज कोण साफ करणार, पाणी कोण भरणार, अवजारं कुठं धुवायची. घर रिकामं करून किल्ली कंत्राटदाराकडे देणार असाल, तर पाण्याची जोडणी आणि एक चालू संडास शेवटच्या दिवसापर्यंत तोडायचा नाही, हेही त्यात घाला. कंत्राटदार फिरता संडास आणणार असेल, तर तो किती दिवसांनी उपसला जाईल आणि हात धुवायचं पाणी त्यात आहे का, हे विचारल्याशिवाय दर मान्य करू नका.