नव्वद मिनिटांचा हंगाम

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘मार्शल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२०-२१चा हंगाम’. ती वाचून एका जुन्या मित्रानं फोन केला, “हे मार्शल म्हणजे कुठल्या पेठेतलं रे?” कोल्हापुरात हा प्रश्न रास्तच आहे. तर मार्शल हे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठच्या हंटिंग्टन नावाच्या गावात आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आतबाहेर. आपल्या इचलकरंजीत अशी पाच-सहा हंटिंग्टन सहज बसतील. या गावच्या कॉलेजच्या पोरांनी मे २०२१मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा जिंकली. ती कशी जिंकली ते सांगायचं कबूल केलंय आणि सांगणारच आहे. पण त्याआधी हंगाम म्हणजे काय, हे बोलून घेऊ. कारण माझं म्हणणं असं की संघ निवड चाचणीत तयार होत नाही, हंगामात होतो. आणि आपल्याकडच्या कॉलेजांना हंगामच नाही.

इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी इंटरकॉलेज खेळलेलं आहे, त्यामुळं मी खोटं बोललो तर लगेच सापडेन. आमच्या वेळी हंगाम कसा असायचा? एके दिवशी जिमखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसायचं, ‘फुटबॉल निवड, दुपारी चार’. निवड म्हणजे काय, तर जे आले ते निवडले. मग जर्सीचा प्रश्न. जर्सी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसातल्या क्लार्ककडं आणि क्लार्क रजेवर. एका वर्षी आम्ही व्हॉलीबॉलच्या बिनबाह्यांच्या जर्सी घालून उतरलो. समोरच्या संघाला वाटलं, ही काहीतरी नवीन फॅशन आहे.

पण खरी गंमत जर्सीची नाही. आमचे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, दोन वेगवेगळ्या तालमींचे, म्हणजे पेठांतल्या फुटबॉल संघांचे होते. तालमींची नावं घेत नाही, मला रात्री घरी जायचंय. (हशा) त्या दोघांचं आदल्या मोसमातल्या एका सामन्यापासून बोलणं बंद. म्हणजे रस्त्यात भेटले तरी बोलत नव्हते, आणि आम्ही त्यांना एकमेकांशेजारी उभं करून म्हणत होतो, कव्हर दे! पाऊस झालेला, पेनल्टी बॉक्समध्ये डबकं. एक लांब बॉल आला आणि डबक्यात येऊन मेला. जागच्या जागी थांबला. डाव्या स्टॉपरनं उजव्याकडं बघितलं, उजव्यानं आकाशाकडं बघितलं. “घे” म्हणायचं कुणी? जो बोलेल तो हरला! तेवढ्यात त्यांचा फॉरवर्ड आला आणि त्यानं बॉल पाण्यातून उचलल्यासारखा अलगद जाळीत टाकला. एक-शून्य. पुढं तासभर आम्ही नुसते ढकलत होतो. नॉकआउट स्पर्धा, त्यामुळं हरलात की घरी. दुपारी दीडला मिसळ खाल्ली, एसटी पकडली आणि कॉलेजचा त्या वर्षीचा हंगाम संपला. वर्षाची जिमखाना फी घेतली होती, नव्वद मिनिटं वापरली. फळ्यावरची सूचना मात्र पुढं दिवाळीपर्यंत तशीच होती.

तुम्ही म्हणाल, दोष त्या दोघांचा. मला तसं वाटत नाही. त्याच दोघांना त्यांच्या त्यांच्या तालमीत बघा. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत लीग, मग एकामागून एक चषक, शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटलेली. डावा बॅक कधी पुढं सुटतो आणि गोली कधी लाइन सोडतो, हे त्यांना न बघता कळायचं. कळणारच, सोबत किती सामने काढलेले! तालमीचा पोरगा हरला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतो. कॉलेजचा पोरगा हरला की थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर तो बी.कॉम. होऊन गेलेला असतो. म्हणून कोल्हापुरात पोराला विचारा, कुणाकडनं खेळतोस? तो तालमीचंच नाव सांगणार. कॉलेजचं सांगून काय करू? काल खेळलो, कालच संपलं?

आता अमेरिका. तिथं हे तालमीचं काम कॉलेज करतं. मार्शल ही हंटिंग्टनची तालीम आहे म्हणा ना. पण तिथं फुटबॉल म्हणजे तो हेल्मेटवाला, अमेरिकन फुटबॉल. त्या खेळाचा मान वेगळा, पैसा वेगळा. मार्शलचा तो हेल्मेटवाला संघ १४ नोव्हेंबर १९७०ला सामना खेळून परतत होता. गावाच्या विमानतळाजवळ विमान कोसळलं आणि विमानातले सगळेच्या सगळे ७५ जण गेले. खेळाडू, प्रशिक्षक, सोबत गेलेले गावातले लोक. विद्यापीठात त्यांच्या स्मरणार्थ कारंजं आहे. दर वर्षी १४ नोव्हेंबरला ते समारंभपूर्वक बंद करतात, वसंत ऋतूत पुन्हा पाणी सोडतात. संघ हे गावचं माणूस असतं हे त्या गावाला सांगावं लागत नाही. पण हे सगळं त्या हेल्मेटवाल्या संघाच्या नावे. आपला फुटबॉल, ज्याला ते सॉकर म्हणतात, तो तिथं धाकट्या भावाच्या वाट्याचा.

धाकटा म्हणजे किती धाकटा? तेव्हाच्या नियमानं वरच्या श्रेणीतल्या हेल्मेटवाल्या संघाला ८५ शिष्यवृत्त्या. मुलींच्या सॉकरला १४. मुलांच्या सॉकरला ९.९. हो, नऊ पूर्णांक नऊ दशांश! आमच्या कॉलेजात असं असतं तर त्या नऊ दशांश खेळाडूचा उरलेला एक दशांश कुठं गेला, यावर चौकशी समिती बसली असती. (हशा) तिथं प्रशिक्षक त्या ९.९चे तुकडे करून पंचवीस-तीस पोरांत वाटतो. याला अर्धी फी, त्याला पाव, एखाद्याला नुसती पुस्तकं.

आणखी एक आडवळण घेतो, मग विषयावर येतो. तिथल्या कॉलेज सॉकरचं घड्याळ उलटं चालतं. पंचेचाळीसवरून शून्याकडं. इंज्युरी टाइम पंचाच्या मनगटावर नाही; पंच खूण करतो तेव्हा घड्याळच थांबतं. शेवटचे दहा सेकंद अख्खं मैदान ओरडून मोजतं, नऊ, आठ, सात... बदली केलेला खेळाडूही पुन्हा आत येऊ शकतो. पहिल्या अर्ध्यात बाहेर गेला तर दुसऱ्यात येतो. आपल्याकडं हा नियम आणला तर बाहेर काढलेल्या खेळाडूचा मामा टचलाइनवर उभा राहून पंचाला ‘आता घ्या की त्याला’ म्हणत बसेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ ठीक आहे.

त्यांचा नेहमीचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गटातले, म्हणजे काही विद्यापीठांच्या आपसातल्या लीगचे, सामने आटोपतात आणि डिसेंबरात अंतिम फेरी. तीन महिन्यांपेक्षा कमी काळात अठरा-वीस सामने. शुक्रवारी एक, मंगळवारी दुसरा, मधे बसचा प्रवास आणि वर्गातली चाचणी. म्हणजे आपल्याकडं उपासमार, तिकडं अपचन. मेरीलँड विद्यापीठाचे प्रशिक्षक साशो सिरोव्स्की कित्येक वर्षं सांगताहेत की हंगाम दोन्ही सत्रांत विभागा, आठवड्याला एक सामना ठेवा, पोरांचे गुडघे वाचतील आणि अभ्यासही होईल. हा प्रस्ताव २०२०च्या वसंतात मतदानाला यायचा होता. तेवढ्यात करोना आला आणि तो बाजूला पडला.

पण पुढं काय झालं बघा. त्याच करोनामुळं विद्यापीठांची राष्ट्रीय संघटना एनसीएएनं २०२०ची स्पर्धा पुढं ढकलली आणि ती २०२१च्या वसंतात घेतली. समितीत जे होईना ते विषाणूनं करून दाखवलं! काही गट आपले सामने शरदातच खेळून बसले होते, मार्शलचा गट मात्र वसंतात खेळला. हिवाळा सरावाला मिळाला. एरवी ४८ संघ असतात, त्या वर्षी ३६च घेतले आणि सगळे सामने नॉर्थ कॅरोलिना या एकाच राज्यात ठेवले.

मार्शलचे प्रशिक्षक ख्रिस ग्रासी, मूळचे इंग्लंडचे. २०१७मध्ये आले, तेही त्याच राज्यातल्या खालच्या श्रेणीतल्या एका विद्यापीठातून. त्यांनी संघ बांधला तो जगभरातनं. जमील रॉबर्ट्स इंग्लंडचा, व्हितोर डायस आणि पेद्रो दोलाबेला ब्राझीलचे, गोली ऑलिव्हर झेमले जर्मनीचा. यावर अमेरिकेत कुरकुर होते, आमच्या पोरांचं काय म्हणून. कोल्हापूरकरांनी यात पडू नये. आपल्या तालमींतून नायजेरियन खेळाडू खेळून गेलेत आणि आपण त्यांना खांद्यावर घेऊन नाचलोय.

मानांकन फक्त आठ संघांना होतं, मार्शल त्यात नव्हतं. पहिला सामना फोर्डहमशी, २-१. पुढचा क्लेमसनशी, म्हणजे थेट अव्वल मानांकिताशी. १-१ बरोबरी, मग पेनल्टी, आणि पेनल्टीतही पाचावर निकाल लागेना. ७-६. मी तो सामना लॅपटॉपवर बघितलाय. सातवा माणूस पेनल्टीला निघतो ना, तिथं हंगाम दिसतो, कारण पहिले पाच सगळ्याच संघांकडं असतात. मग जॉर्जटाउन, म्हणजे २०१९चे विजेते. १-०. उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलिना, त्यांच्याच राज्यात. १-०.

१७ मे, कॅरी नावाचं गाव, समोर इंडियाना. आठ वेळचे विजेते. पूर्ण वेळेत गोल नाही. जादा वेळेत तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता, आधी मारेल तो जिंकला. ९८व्या मिनिटाला डायसनं फटका मारला, इंडियानाचा गोली रोमन सेलेंटानोनं तो अडवला, पण बॉल हातातनं सुटला. रॉबर्ट्स तिथं आधीच धावत निघालेला होता. बॉल सुटल्यावर धावला असता तर पोचलाच नसता. डायस मारणार, आणि बॉल अमुक अंगाला सुटला तर सुटणार, हे त्याला ठाऊक होतं. १-०, सामना खलास. मार्शलचं सॉकरमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

मागून कुणीतरी हात वर केलाय, मला प्रश्न माहीत आहे. त्या स्पर्धेतही चार-चार दिवसांनीच सामने होते, शेवटी तर तीनच दिवसांनी, मग आठवड्याला एक सामन्याचं काय? बरोबर आहे. स्पर्धा नेहमीसारखीच दाटीवाटीची होती. मी बोलतोय ते त्याआधीच्या, गटातल्या सामन्यांच्या दोन-अडीच महिन्यांबद्दल. आणि एका हंगामावरून सिद्धांत मांडता येत नाही, हेही कबूल. पण तेच मार्शल डिसेंबर २०२४मध्ये, पुन्हा कॅरीतच, पुन्हा अंतिम सामन्यात होतं. तिथं व्हरमाँटनं त्यांना जादा वेळेत २-१ असं हरवलं. तीन-चार वर्षांत पोरं बदलली, संघ राहिला.

दुसरी चिठ्ठी आली. नुसतं ‘!’ लिहिलंय.

तेव्हा पटकन. गावातल्या चार कॉलेजांनी होम-अवे लीग खेळावी. प्रत्येकाला सहा सामने, त्यातले तीन आपल्या मैदानावर. आठवड्याला एक, बुधवारी दुपारी, म्हणजे तालमींच्या सामन्यांना धक्का नाही आणि शाहू स्टेडियम मागायला नको. इंटरकॉलेज नॉकआउट आहे तशी राहू दे, ही लीग तिच्याआधी संपवायची. पंचांचा खर्च निवृत्त खेळाडू उचलतील, तिघांनी हो म्हटलंय. दोन कॉलेजांचे क्रीडा शिक्षक इथं समोरच बसलेत, मघापासून खाली बघताहेत. त्यांनी नावं आजच द्यावीत, मी दाराशी वही घेऊन उभा राहतो. जर्सीच्या कपाटाची किल्ली मात्र आधी शोधून ठेवा.