गावाच्या नावाआधीचं ‘नवं’

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यवाह, आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालची जागा पकडायला वेळेआधी आलेले तुम्ही सगळे. कार्यवाहांनी मला पन्नास मिनिटं दिली आहेत. मागच्या वर्षी मी भूकंपावर बोलायला उभा राहिलो आणि कोयनेच्या पहिल्या हादऱ्यापर्यंत पोचतोय तोवर शिपाई दिवे घालवायला आला, असं त्यांनी आत्ता परिचयात सांगितलं. ते खरं नाही. शिपाई दुसऱ्या हादऱ्याला आला.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘निव कोफीकाम्प : वर्षावनातलं एक गाव’. छापणाऱ्याने आधी ‘कॉफी कॅम्प’ केलं होतं, त्याबद्दल पुढे बोलेन. दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर सुरीनाम नावाचा लहानसा देश आहे. त्याची राजधानी पारामारिबो. तिथून दक्षिणेला शंभरेक किलोमीटर आत, ब्रोकोपोंडो जिल्ह्यात, हे गाव. वस्ती शेकड्यांत मोजावी एवढी. मी तिथे गेलेलो नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तिथे डास किती असतात हे नंतर कुणी विचारायला नको.

‘निव’ म्हणजे डच भाषेत नवं. नवं कोफीकाम्प. मला गेली कित्येक वर्षं जे डोक्यात घोळतंय ते या एका विशेषणाबद्दल आहे. गावाच्या नावाआधी ‘नवं’ दिसलं की समजावं, जुनं कुठेतरी बुडालंय, आणि नव्याच्या मालकीच्या रकान्यात काहीतरी मोघम लिहिलेलं आहे. नवी मुंबई वगळा, असं कुणीतरी मागून म्हणतंय. तिथल्या मूळ गावठाणांतल्या लोकांना विचारून या, ते वगळू देणार नाहीत.

हे विशेषण मला चिकटलं कसं, ते सांगतो. मी कोयनेच्या बुडितातला. सात वर्षांचा होतो तेव्हा आमचं गाव उठलं. आजीने जातं सोबत घेतलं होतं, ट्रकवाला म्हणाला वजन होतंय, तर तिने ट्रंक उतरवली आणि जातं ठेवलं. आता आमची वस्ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे, आणि अर्थातच तिच्या नावाआधी ‘नवं’ आहे. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलीला नोकरीच्या अर्जासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा होता. घरात रिकामा माणूस मी, म्हणून कचेरीत मी गेलो. कुठली कचेरी ते विचारू नका, अजून दोघांचे दाखले व्हायचेत.

खिडकीतला मुलगा चांगला होता हो. तिशीचा, मृदू बोलणारा. कागद चाळून म्हणाला, “काका, मूळ गावचा सातबारा जोडा.”

म्हटलं, “मूळ गाव पाण्यात आहे.”

“मग पाण्यात असल्याचा दाखला जोडा. तलाठ्याचा.”

“कुठल्या तलाठ्याचा?”

“त्याच गावच्या.”

त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. त्याच्यासमोर यादी होती आणि यादीत तसं लिहिलेलं होतं. मी पुढच्या सोमवारी जुनी निवाड्याची नक्कल घेऊन गेलो. कागद असा, की घडीवर बोट ठेवलं तर भोक पडेल. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, वाचला, आणि खरंच हळहळला. मग संगणकात गावाचं नाव टाकलं. येईना. स्पेलिंग बदलून टाकलं. येईना. “काका, संगणकात हे गावच नाही. ‘नवं’ लावलेलं एक आहे, ते टाकू?” मी म्हटलं, टाक बाबा. तीन आठवड्यांनी दाखला आला. मूळ गाव : नवं अमुक. पुनर्वसित गाव : नवं अमुक. म्हणजे आम्ही आमच्याच गावातून उठून आमच्याच गावात येऊन राहिलो! मध्ये धरण, ट्रक, जातं, काही नाहीच.

हसा, हसा. मीही हसलो, आणि मग हसू आवरलं, कारण मी स्वतः एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली आहेत. नकाशावर पूर्ण संचय पातळीची रेषा निळ्या पेन्सिलीने आखायची, तिच्या आतलं सगळं बुडीत क्षेत्र. त्या रेषेच्या आतल्या गावांची नावं मी गिरवलेली आहेत, अक्षर माझं चांगलं होतं म्हणून. बुडितातलं पोर मोठं होऊन बुडीत रेषा आखतं, यात आमच्या घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सरकारी नोकरी होती.

त्याच खात्याने १९८४ साली मला काही महिने हॉलंडमध्ये डेल्फ्टला एका अभ्यासक्रमाला धाडलं. खोली मिळाली हेगमध्ये, एका सुरीनामी हिंदुस्थानी आजींकडे. सुरीनाम १९७५ साली स्वतंत्र झाला तेव्हा तिथली पुष्कळ माणसं हॉलंडला आली, त्यांत या आल्या. घरात सरनामी बोलत. आपल्याकडे भोजपुरी ऐकलेल्या माणसाला ती निम्मी कळते, उरलेली मी हातवाऱ्यांनी भागवली. भिंतीवर सुरीनामचा नकाशा होता आणि त्यात मधोमध एक भलंमोठं तळं. बोटं फाकवून पंजा पसरावा तशा त्याच्या कडा. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. प्रत्येक ओढ्यात पाणी मागे चढलं की असा पंजा होतो. मी म्हटलं, आजी, हे धरण आहे. त्या म्हणाल्या, हो, शहरातली वीज तिथूनच येते. आणि तिथली माणसं? तिथे जंगलातले लोक होते, त्यांना हलवलं. एवढं म्हणून त्यांनी मला रोटी वाढली. आपल्या मातीतली म्हातारी म्हणून माझं मन भरून आलेलं, ते तिथे जरा खट्टू झालं. त्यांचे पूर्वज बोटीने गेले ते का? १८६३ साली सुरीनाममधली गुलामगिरी संपली, मळेवाल्यांना हात कमी पडले, आणि १८७३ साली ‘लाला रूख’ जहाजातून पहिले हिंदुस्थानी गिरमिटिये उतरले. एकाची बेडी सुटली म्हणून दुसऱ्याला करारावर आणलेलं, आणि तिसऱ्या पिढीत हे त्यांना जंगली म्हणतात. आपणही धनगरवाड्याबद्दल कसं बोलतो ते आठवून मी रोटी खाल्ली.

हे जंगलातले लोक कोण? त्यांना मरून म्हणतात. डचांच्या ऊस-कॉफीच्या मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम. नदीने वर, धबधब्यांच्या पलीकडे, जिथे डच फौजेची होडी चढत नाही तिथे जाऊन राहिले. रात्री मळ्यावर छापा, पहाटेआधी जंगलात. गनिमी कावा आपण शोधला असं मानणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. शेवटी डच थकले आणि त्यांनी तह केले. न्जुका लोकांशी तह झाला १० ऑक्टोबर १७६० ला. भाऊसाहेब दिल्लीहून कुंजपुऱ्यावर निघाले तो हा महिना. सारामाका लोकांशी १७६२ मध्ये. गुलामगिरी संपण्याच्या शंभर वर्षं आधी हे लोक तहनामा करून मोकळे झालेले. तहात एक काळं कलमही होतं, नव्याने पळून आलेल्यांना परत पाठवायचं. इतिहासात सगळं गोड कुठे मिळतं.

आता कॉफी. कोफीकाम्प हे न्जुकांचं गाव. डच कानाला त्यात ‘कोफी’ म्हणजे कॉफी ऐकू येते, आणि आपल्या छापखान्यालाही आली. पण या लोकांत वारावरून नावं ठेवायची पश्चिम आफ्रिकेची चाल टिकून आहे, आणि शुक्रवारी जन्मलेला मुलगा तो कोफी. मला विचाराल तर हा कोणा कोफीचा तळ. चाबूक खाऊन कॉफीच्या मळ्यातून पळालेला माणूस आपल्या गावाला कॉफीचं नाव देईल का? ऊसतोडीला कंटाळून गावी परतलेला गडी मुलाचं नाव साखरशेठ ठेवेल?

एक आडवळण घेतो, दोनच मिनिटं. या भागात एके काळी रेल्वे होती. लावा नदीकाठच्या सोन्याच्या खाणींकडे जायला १९०३ पासून काम काढलं, १९१२ पर्यंत १७३ किलोमीटर झाली आणि थांबली. लावापर्यंत पोचलीच नाही. काबेल नावाच्या ठिकाणी सुरीनाम नदी आडवी आली, तिथे पूल न बांधता तारेवरचा पाळणा टांगला. माणसं, सामान, सगळं पाळण्यातून पलीकडे, आणि तिथे पुन्हा दुसरी गाडी. हे काम सुरू झालं तेव्हा गव्हर्नर होते कॉर्नेलिस लेली. डेल्फ्टला आम्हाला त्यांच्या नावाची पारायणं करायला लावत, कारण पुढे समुद्राला बांध घालून पाण्यातून जमीन वर काढणारा हॉलंडचा थोर अभियंता तो हाच. मायदेशी पाण्यातून जमीन काढली. इकडे त्यांच्या रेल्वेचा शेवटचा तुकडा जमिनीवरून पाण्यात गेला. यात लेलींचा दोष नाही, पण मला त्या वर्गात हे कुणीच सांगितलं नाही.

पाण्यात गेला कारण आफोबाकाचं धरण. १९५८ मध्ये सुरीनामने अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीशी करार केला. बॉक्साइट तिथे विपुल, त्यापासून ॲल्युमिनियम काढायला वीज हवी. १९६४ च्या फेब्रुवारीत दारं बंद केली. आपलं कोयनेचं धरण पुरं झालं ते हेच साल. पण आकार बघा : तळं १,५६० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीचपट, आणि भरायला १९७१ उजाडलं. आतलं जंगल तोडलंच नाही. ती झाडं आजही पाण्यात उभी आहेत, काळी, पानं नसलेली. खाली कुजणाऱ्या झाडांमुळे पाण्याला अंड्यासारखा वास यायचा. आजींना वाटायचं वीज शहराला जाते. जायची, पण नव्वद टक्क्यांच्या आसपास पारानामच्या ॲल्युमिनियम भट्टीला जायची. आणि उठवलेल्या गावांपैकी कित्येकांत पुढची अनेक दशकं डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे. सुमारे सहा हजार माणसं उठली. पाणी इतकं वर येईल यावर पुष्कळांचा विश्वासच बसला नव्हता. माझ्या आजोबांचाही बसला नव्हता. रेषेवरचे चुना मारलेले दगड बघून ते म्हणाले होते, एवढं पाणी आणणार कुठून?

आणि आता माझा आवडता भाग. तळं भरताना बेटांवर प्राणी अडकले, तेव्हा एका अमेरिकी प्राणिमित्र संस्थेने माणूस पाठवला, जॉन वॉल्श. त्याने सारामाका गड्यांना हाताशी धरून होड्यांतून दीड वर्षात जवळजवळ दहा हजार जनावरं काढली. अस्वलासारख्या मुंगीखाऊंपासून झाडाला लोंबणाऱ्या स्लॉथपर्यंत, एकेक मोजून. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन ग्वांबा’. सारामाका भाषेत ग्वांबा म्हणजे जनावर, आणि ताटात वाढलेलं मटणही तेच. होडीत काठी धरून बसलेल्या गड्यांची चेहरापट्टी डोळ्यांसमोर आणा. साहेब म्हणतोय ‘मटण वाचवा’, वाचवलेलं सगळं सोडून द्यायचंय, आणि घरी गाव बुडतंय. वॉल्शने काम मनापासून केलं, त्याला नावं ठेवत नाही. फक्त जनावरांची मोजणी शेवटच्या आकड्यापर्यंत मिळते आणि बुडालेली गावं किती, यावर वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळा आकडा.

चिठ्ठी आली. “सात मिनिटं.” अक्षर छान आहे हो तुमचं, पाटबंधाऱ्यात असायला हवं होतं.

बरं, मग मुद्दा. जुनं कोफीकाम्प बुडालं, नवं वसवलं. आखलेली घरं, रांगा, पण जमिनीची मालकी नाही. सुरीनाममध्ये अंतर्भागातली जमीन कायद्याने सरकारची. तुम्ही दोनशे वर्षं तिथे असा, तहनामा दाखवा, कागदावर तुम्ही सरकारच्या जागेत बसलेले. धरणाआधी हे जाणवत नव्हतं, कारण त्यांच्या जागेची कुणाला गरज नव्हती. १९९० च्या दशकात त्या टापूत सोनं काढायला कॅनडाच्या कंपन्या आल्या. रोझबेलची खाण. जे क्षेत्र खाणीला दिलं त्याच्या आत काय होतं? नवं कोफीकाम्प. पुन्हा हला, अशी बोलणी सुरू झाली. गाव म्हणालं, एकदा हललो. २००४ पासून खाण रीतसर चालू आहे, मालक बदलत गेले, २०२३ मध्ये ती एका चिनी कंपनीकडे गेली. ज्या जागी गावातली माणसं हाताने सोनं धुवायची तिथे कुंपण, आणि कुंपणावरून खटके, कधी गोळीबारापर्यंत.

इथे ‘नवं’चा अर्थ कळतो. जुन्या गावात माणूस असतो तो आजोबांमुळे. नव्या गावात तो असतो कुणीतरी बसवलं म्हणून, आणि ज्याने बसवलं त्याला वाटतं, उठवूही शकतो. इथे पुनर्वसनाच्या गावांतले किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. तुमच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं किती जणांच्या आहे? बघा, हात खाली नाही आले. विकायची तर परवानगी, तारण ठेवायची तर परवानगी. आपल्याकडे पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला, आम्ही उठलो त्याच्या किती आधी! कोयनेची माणसं अजून जमिनीसाठी धरणं धरतात. धरणवाल्यांनी धरणं धरायची, हा शब्दांचा योगायोग माझा नव्हे.

सारामाकांनी मात्र खटला लढवला. स्वतःच्या सरकारविरुद्ध, अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयात. २००७ च्या नोव्हेंबरात निकाल लागला : जमीन त्यांची सामूहिक मालकीची आहे, सीमा आखून द्या, आणि मोठ्या प्रकल्पाला आधी त्यांची संमती घ्या. आधी, हा शब्द महत्त्वाचा. अंमलबजावणी रेंगाळली आहे, आणि कोफीकाम्प सारामाकांचं नाही, न्जुकांचं, त्यामुळे निकालात त्याचं नाव नाही. पण

दुसरी चिठ्ठी. पारानामची भट्टी १९९९ मध्ये बंद झाली एवढं वाक्य पुरं करू द्या. ज्यासाठी गावं बुडवली ती भट्टी चौतीस वर्षं चालली. धरण आता सुरीनाम सरकारकडे आहे, तळं आहे तिथेच आहे, आणि पाण्यातल्या त्या काळ्या झाडांचं लाकूड इतकं टणक राहिलंय की ते कापून विकायचा धंदा निघालाय.

चिठ्ठीवर नुसतंच ‘आभार’ लिहिलंय. ते तुम्ही माझे मानायचे की मी तुमचे, ते कळत नाही. बसतो. शिपाई आलाच आहे.