अक्षराला दहा पैसे

नमस्कार श्रोतेहो. आज खरेदीबद्दल बोलू या. सोनं, फ्लॅट, गाडी अशा मोठ्या खरेदीबद्दल नव्हे. तिच्याबद्दल बोलायला कर्ज देणारे पुष्कळ आहेत. आपली खरेदी म्हणजे चहाचं गाळणं, सांडशी, स्टीलचं ताट, एखादा पितळी डबा. थोडं नवं, थोडं जुनं.

नव्या वस्तूची मजा तुम्हाला मी काय सांगणार? ताटावरचं लेबल नखानं खरवडायचं, ते अर्धंच निघतं, मग ताट गॅसवर जरा धरायचं. नवा कुकर आधी देवापुढे, मग शेगडीवर. काही घरांत मात्र वस्तूचा नवेपणा संपूच देत नाहीत. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर, आणि ती चादर निघणार पाहुणे आल्यावर. मग तो सोफा पाहुण्यांसाठीच घेतला म्हणायचा! माझं स्पष्ट मत आहे, रिमोटला पिशवी घालणाऱ्या घरात चहासुद्धा मोजून मिळतो. असो.

तर भांडं. आपल्याकडे भांडं विकत घेतलं म्हणून लगेच आपलं होत नसे. त्यावर नाव घातलं की आपलं. लग्नकार्यात शेजारपाजारची पातेली, पराती एकत्र यायच्या, आणि परतताना कुणाची कुठली हे नावावरूनच कळायचं. आता दुकानात मशीन असतं, घर्र घर्र करत नाव उमटतं. पूर्वी छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन माणूस बसायचा. टिंबाला टिंब जोडून अक्षर काढायचा. पैसे अक्षरावर. लक्षात ठेवा हं, पैसे अक्षरावर.

माझ्या आत्याचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. आजी, काका आणि पिशवी धरायला मी, असे आम्ही तुळशीबागेत गेलो. रामाच्या देवळाला नमस्कार करून भांड्यांच्या दुकानात. आजीनं पितळेची घागर पसंत केली. चांगली वजनदार, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी. दुकानाच्या पायरीशी नाव घालणारा बसला होता. अक्षराला दहा पैसे. आजीनं मजकूर घरूनच ठरवून आणला होता: ‘चि. सौ. कां. इंदुमती हिस तिच्या विवाहप्रसंगी आईकडून सप्रेम भेट’. 

काकांनी बोटं मोजली. सत्तावीस अक्षरं. दोन रुपये सत्तर पैसे. नाव घालणारा म्हणाला, “साहेब, तीस. जोडाक्षराची दोन धरतो आम्ही. च्या, प्र, प्रे.” 

काका खवळले. “मास्तरांनी आम्हाला जोडाक्षर एकच शिकवलंय!”

“मास्तरांना छिन्नी मारायला लागत नव्हती.”

“बरं, काना-मात्रा-वेलांटीचे?”

“ते फुकट.”

“मग वेलांट्या भरपूर घाला,” काका म्हणाले, आणि मजकुरावर बसले. 

पहिल्यांदा ‘तिच्या विवाहप्रसंगी’ गेलं. “घागर काय बारशाला देतात? कळतंच की.” आठ अक्षरं वाचली. मग ‘हिस’. “हिला नाही तर कुणाला?” दोन वाचली. सत्तावीसची सतरा झाली. ‘चि.’ आणि ‘कां.’ गेले, कारण लग्नानंतर ती नुसती सौ.च राहणार. इंदुमतीची इंदू झाली, कारण घरात इंदूच म्हणतात. राहता राहिलं ‘सप्रेम’. काका म्हणाले, “प्रेमाशिवाय कोण एवढी जड घागर देईल, आई?” तेही गेलं. 

उरलं काय? ‘सौ. इंदू आईकडून भेट’. मोजा तुम्ही. सौ, इं, दू, आ, ई, क, डू, न, भे, ट. दहा अक्षरं, एक रुपया, आणि जोडाक्षर एकही नाही. दोन सत्तरचा मजकूर एक रुपयात! काकांचा चेहरा असा, की जणू घागरच फुकट मिळाली. 

आजी एक शब्द बोलली नाही. “मी मंडईतून भाजी आणते, तुम्ही घागर घेऊन या,” म्हणाली आणि मला घेऊन निघाली. 

घरी घागर आली. आजीनं ती मांडीवर घेतली, पदरानं पुसली, चष्मा लावून वाचली. गळ्याखाली ठसठशीत ‘सौ. इंदू आईकडून भेट’. आजीनं घागर फिरवली. मागच्या अंगाला आणखी एक ओळ. ‘खरेदी करणार’, आणि पुढे काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि शेवटी बी. ए.!

आम्ही सगळे गप्प. आजीनं घागर हळूच खाली ठेवली आणि विचारलं, “बी. ए. ची दोन अक्षरं रे, की जोडाक्षर धरलं त्यानं?”

काकांना बी. ए. व्हायला तीन प्रयत्न लागले होते, त्यामुळे डिग्री कुठे तरी कोरून ठेवावी असं त्यांना वाटणं मी समजू शकते. आत्याच्या सासरी मात्र ती घागर पुढे ‘बी. ए. घागर’ याच नावानं ओळखली जायची. “बी. ए. भरून ठेव गं,” असं तिच्या सासूबाई म्हणायच्या. 

एवढ्यात निम्मा वेळ गेला की! आता जुन्या वस्तूंचं लवकर सांगते. 

आत्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, नळ घरात आला, घागर मोडीत गेली. मोडीला वजनाचा भाव. नावाला, नक्षीला, सप्रेमला काही नाही.  पण अशी सगळीच भांडी वितळत नाहीत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे जाऊन बघा. डबे, तपेली, फिरकीचे तांबे. तिथे विकणारा वजन करत नाही, नगावर भाव सांगतो, कारण त्याला ठाऊक असतं की आपल्याला ते दिवाणखान्यात ठेवायचंय. पुन्हा सांगते, देताना वजनावर, घेताना नगावर. कमाई सगळी या दोहोंच्या मधली. 

मी त्या भांड्यांवरची नावं वाचत फिरते. कुणाला मामाकडून, कुणाला ऑफिसमधल्या मित्रांकडून, कुणाचं नुसतं आडनाव. नव्या भांड्यांवर हे हल्ली क्वचितच दिसतं, कारण पत्रिकेवर छापलेलं असतं, ‘कृपया आहेर आणू नये’. शहाणपणाचं आहे, कबूल; एकाच घरात सतरा लेमन सेट कोण ठेवणार? पण पाकिटावर चिकटवलेल्या एक रुपयाच्या नाण्यावर कुणाचं नाव घालणार तुम्ही? 

जुनं पितळ घेताना मात्र तीन गोष्टी पाहा. उजेडाकडे धरा, भोक असेल तर दिसेल. सांध्याला झाळ दिली असेल तर पाणी भरून थोडा वेळ ठेवा. गळणारं भांडं रिकामं असताना गळत नाही. आणि आतून कल्हई आहे का बघा. नसेल तर फुलं ठेवा, चिल्लर ठेवा, पण आंबट काही ठेवू नका. कल्हईवाला सापडला तर त्याला सोडू नका. नवसागराचा तो धूर आणि कथलाचा हात फिरला की काळंकुट्ट भांडं चांदीसारखं होताना बघणं, यासाठी मी सिनेमाचं तिकीट सोडीन.

पुन्हा एकदा: उजेड, पाणी, कल्हई. या क्रमानं. आणि भाव सगळ्यात शेवटी विचारा, आधी विचारलात तर विकणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगतो. एवढं ऐकूनही कल्हई न करता त्यात ताक ठेवलंत आणि ते कळकलं, तर मला पत्र लिहू नका. 

नमस्कार.