अठरा सप्टेंबरपासून पुढं

(दृश्य: नळदुर्गचा किल्ला, खाली बोरी नदी)

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य नळदुर्गाच्या वाटेनं हैदराबाद संस्थानात शिरलं. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अलीनं शरणागती पत्करली. सव्वादोनशे वर्षांची आसफजाही पाच दिवसांत आटोपली.

इथवरची गोष्ट आपल्याला पाठ आहे. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ, १९३८चा वंदे मातरम् सत्याग्रह, लढणाऱ्यांचे सरहद्दीवरचे कॅम्प. मराठवाड्यातल्या शाळेत दर वर्षी सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडा, प्रभातफेरी, भाषणं. अठरा तारखेला काय झालं, ते मात्र कुठल्याच भाषणात नसायचं.

(दृश्य: पारावर बसलेली म्हातारी माणसं)

आमच्याकडची जुनी माणसं 'मुक्तिसंग्राम' म्हणत नाहीत. त्यांचे शब्द दोनच: 'रजाकारी', म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रजाकारांचा धुमाकूळ, आणि 'ॲक्शन', म्हणजे सप्टेंबरातली ती लष्करी कारवाई. रजाकारीत विहीर खणली, ॲक्शनच्या साली थोरलीचं लग्न झालं. काळ मोजायचा तो असा. रजाकारीवर बोलायला लागली की थांबत नाहीत: गाव सोडून उसात काढलेल्या रात्री, चुलीखाली पुरलेलं डोरलं. ॲक्शनचं नाव काढलं की आवाज खाली येतो. ‘लई वंगाळ झालं. जाऊ दे, लेकरा.’

ते ‘जाऊ दे’ पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं लिहून ठेवलंय. केंद्रानं पाठवलेली ही समिती १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरली. ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त होरपळलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं, आणि रजाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करायचा. तो तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला, पाकिस्तानात निघून गेला. सूड मागं राहिलेल्यांवर निघाला होता. अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला.

आणि निजाम? २६ जानेवारी १९५० पासून तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या तोडीचा, थेट १९५६ पर्यंत! वर तनखा. कॅम्पात उपाशीतापाशी दिवस काढलेल्यांना हे कसं पचलं असेल, कोण जाणे.

आधी जनरल चौधरींची लष्करी राजवट, मग वेलोडी हे सनदी अधिकारी. लोकांनी निवडलेलं सरकार यायला १९५२ उजाडलं. त्याआधीच १९४९ला जहागिऱ्या गेल्या, १९५०ला कुळकायदा आला. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

(दृश्य: तहसीलची जुनी खोली, फडक्यात बांधलेले गठ्ठे)

राजवट गेली, दप्तर राहिलं. गठ्ठा सोडला की आधी धूळ, मग कसरीनं खाल्लेल्या कडा, मग मोडी आणि निजामाच्या कारभाराची उर्दू. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात एकच धांदल उडाली: उर्दू वाचणारं कोण आहे?

(दृश्य: चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ धरलेले एक वृद्ध. शेजारी वही-पेन घेऊन बसलेला तरुण.)

"चाचा, आमच्या खापरपणज्याचं नाव लागलं का?"

"थांब की जरा. आधी गाव तर लागू दे."