१५ ग्रॅमचा स्ट्रायकर

ठाण्याजवळचं कळवा. श्रावणातल्या रविवारची दुपार.

बाहेर सर कोसळतेय आणि चाळीतल्या मंडळाच्या खोलीत कॅरम बोर्डावर बल्ब खाली ओढून घेतलाय. शेजारी आमचा कॅमेरा. उजेड हवाच, पण ऊब त्याहून जास्त हवी. पावसाळ्यात प्लायवूड दमट होतं, पावडर चिकटते, आणि पॉकेटात जाणारी सोंगटी दोन बोटं अलीकडेच थांबते. मग सगळे म्हणतात, ‘बोर्ड जड झालाय.’ जड काही झालेलं नसतं, वाढलेलं असतं ते घर्षण.

आता बोट बघा, सावकाश. ताणलं... आणि सुटलं. बोटाचा स्ट्रायकरला स्पर्श क्षणभराचा. काय बळ लावायचं ते तेवढ्यातच. पुढे त्याला ढकलणारं कुणी नाही, तरी तो जातोच आहे. चालत राहायला बळ लागत नाही. थांबायला लागतं, आणि ते बोर्ड पुरवतो.

आणि सोंगटीवर आदळतो. हीच टक्कर पुन्हा बघू.

स्पर्धेच्या नियमांत स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. साधारण तिप्पट फरक. टक्कर बरोबर समोरासमोर झाली आणि ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तर सोंगटी स्ट्रायकरच्या वेगाच्या दीडपटीने सुटते आणि स्ट्रायकरकडे त्याचा निम्मा वेग उरतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. आधी सगळा स्ट्रायकरकडे होता, वेग एक धरला तर १५ म्हणा. आता साडेसात याच्याकडे, साडेसात तिच्याकडे. एक दमडी इकडे-तिकडे नाही. १६६८-६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेसाठी रेन, वॉलिस आणि ह्यूगेन्स हे शास्त्रज्ञ हाच जमाखर्च मांडत होते. न्यूटनचा गतीच्या नियमांचा ग्रंथ ‘प्रिन्सिपिया’ आला त्यानंतर, १६८७ मध्ये.

त्यात आपल्या खोलीचा घोळ असा, की उरलेल्या निम्म्या वेगाने स्ट्रायकर सोंगटीच्या मागोमाग थेट पॉकेटात. फाउल! हा हशा त्याचाच.

‘काका, हळू मारू का?’

‘हळू नको रे. कट मार. सरळ मारलास की तोही जाणार मागून.’

काकांचं बरोबर आहे. कट म्हणजे सोंगटीला मधोमध नाही, कडेला मारणं. जोर कमी केला तरी वाटणी तीच राहते, कोन बदलला की बदलते. पण कट कितीही बारीक असो, उभ्या सोंगटीवर आदळून हा जड स्ट्रायकर आपल्या वाटेवरून साधारण २० अंशांपलीकडे वळत नाही. सोंगटी हलकी, ती पार आडवी निघते. बिलियर्ड्सचे चेंडू एकसारख्या वजनाचे असतात, तिथे हिशेब वेगळा.

लाल राणीमागोमाग आपली सोंगटी पॉकेटात गेली, म्हणजे राणीला कव्हर मिळालं, तो क्षण मात्र आमच्याकडे नाही. कॅमेरा तेव्हा गॅलरीत, पावसाकडे होता.

चाळ पुनर्विकासात चाललीय. नव्या नकाशात मंडळाची खोली नाही.

पुढचा डाव. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, मधोमध राणी, सगळ्या एकमेकींना टेकलेल्या. पहिला फटका एकीलाच बसतो, पण बघा, सुटते ती पलीकडच्या टोकाची. लागलेली जेमतेम हलते. हातोहात घमेली पुढे सरकावीत तसा धक्का सोंगटीमागून सोंगटीत जातो.

आता शेवटची काळी उरलीय. बल्ब थोडा हलतोय. मुलाने पावडर फुंकली, बोट ताणलं.